आरए आहे आणि रिपोर्टमधे ‘कॅल्सिफिकेशन’ लिहिलंय? मग पुढे काय करायचं

माझ्या छातीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधे पार शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ होती: कोरोनरी आर्टरीजमधे कॅल्सिफिकेशन दिसतंय. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम जमलंय. स्कॅन केला होता फुप्फुसांसाठी, आरएला (रूमटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा संधिवात) तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि कोरडा खोकला काही केल्या जात नव्हता म्हणून. फुप्फुसं चांगली निघाली, सगळ्यांना हायसं वाटलं, रिपोर्ट फाईलला लागला. ती ओळ मी आठ महिन्यांनी वाचली, तीही दुसरेच कागद शोधताना. सांध्यांच्या डॉक्टरांना वाटलं हे फिजिशियन बघतील, फिजिशियनना वाटलं आरएवाल्यांचे रिपोर्ट सांध्यांचे डॉक्टर बघतात, आणि दोघांच्या मधे ती ओळ तशीच पडून राहिली. तेव्हापासून या विषयाच्या मी मागेच लागलेय, जे कळलं आणि जे करून बघितलं ते इथे लिहिते.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. कुठलीही गोळी सुरू करा किंवा बंद करा असं यात काही नाही, डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, कुठले कागद घेऊन जायचं आणि घरी काय करायचं एवढंच आहे.

हे कॅल्शियम तिथे येतंच कसं

आधी हे नीट समजून घ्या कारण पुढचे अर्धे गैरसमज इथेच मिटतात. आपण कॅल्शियम जास्त खाल्लं म्हणून ते नळीत जाऊन बसलं, पाण्याच्या पाईपमधे क्षार साचतात तसं, असं नसतं ते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात, त्यांचं काम नळी आवळणं आणि सैल करणं. सांध्यांत जी सूज पेटलेली असते ती करणारे टीएनएफ, इंटरल्युकिन सिक्स वगैरे पदार्थ सांध्यापुरते थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात, आणि वर्षानुवर्षं हा मारा झाला की त्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. मग भिंतीत जे खनिज जमतं ते तेच, आपल्या हाडांत असतं ते. म्हणजे एकीकडे सूज आणि स्टिरॉइडमुळे हाडांतून कॅल्शियम जातंय आणि दुसरीकडे जिथे नको तिथे ते बसतंय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच धक्का बसला होता.

यात दोन प्रकार असतात. एक आतल्या थरात, कोलेस्टेरॉलच्या प्लाकबरोबर (भिंतीत साचलेला थर), हा हृदयाच्या नळ्यांमधे महत्त्वाचा. दुसरा मधल्या थरात, याचं वर्णन मॉन्केबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ मधे केलं होतं, यात नळी बंद होत नाही पण कडक होते, लवचिकपणा जातो, डायबेटिस आणि किडनीच्या आजारात हा जास्त दिसतो. आरएमधे दोन्ही सापडू शकतात.

आणि आरएची वर्षं मोजायची असतात. २००५ मधे अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यांना आरए होऊन दहा वर्षांपेक्षा जास्त झाली होती त्यांच्या हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम नवीन आरएवाल्यांपेक्षा आणि आरए नसलेल्यांपेक्षा जास्त सापडलं, आणि सिगारेट आणि वाढलेला ईएसआर (रक्तातून सूज मोजायची टेस्ट) यांच्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणून फाईलवर आरए कधी सुरू झाला ते वर्ष मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ते सारखं लागतं.

पहिलं काम: जुने रिपोर्ट काढा

नवीन टेस्टच्या मागे धावण्याआधी घरातली फाईल उघडा, खरंच. आरएवाल्यांचे इतके एक्सरे आणि स्कॅन झालेले असतात की पुष्कळदा उत्तर घरातच पडलेलं असतं. काय शोधायचं ते सांगते.

छातीचा सीटी झाला असेल तर ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ किंवा ‘एथेरोस्क्लेरोटिक चेंजेस’ असे शब्द बघा. बहुतेक वेळा ते निष्कर्षाच्या चौकटीत नसतात, वरच्या लांबलचक मजकुरात दडलेले असतात, म्हणून पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी. छातीच्या साध्या एक्सरेत महाधमनीच्या कमानीवर कॅल्शियम लिहिलेलं असतं, कंबरेच्या एक्सरेत मणक्यासमोरच्या महाधमनीवर. बायकांनी मॅमोग्राफीचा रिपोर्ट बघावा, त्यात स्तनाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम असं कधीकधी लिहितात, ते कॅन्सरचं लक्षण नाही पण हृदयाच्या दृष्टीने विचारण्यासारखं आहे. आणि हातापायाचे एक्सरे, जे आपण सांध्यांची झीज बघायला दर थोड्या वर्षांनी काढतोच, त्यात कधीकधी मनगटापासून अंगठ्याकडे किंवा पावलात दोन बारीक समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. ती कडक झालेली रक्तवाहिनी. डॉक्टरांचं लक्ष सांध्यांकडे असतं, हाडाच्या बाजूला काय आहे ते राहून जातं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून स्वतः ठरवू नका, पण “या एक्सरेत रक्तवाहिनी दिसतेय का?” एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

असं काही सापडलं की त्या ओळीवर मार्कर मारा, तारीख लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दुसरं काम: रिस्क मोजून घ्या, आणि आरए धरून मोजा

हार्टची रिस्क काढायचे जे तक्ते असतात, वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट टाकून दहा वर्षांची टक्केवारी देतात ते, त्यातल्या बऱ्याच तक्त्यांत आरए धरलेलाच नसतो. म्हणजे आपला आकडा आहे त्यापेक्षा कमी येतो आणि आपण निर्धास्त. युरोपातली संधिवात तज्ज्ञांची संघटना आहे, युलार, त्यांची शिफारस अशी की तक्त्यात आरए नसेल तर आलेल्या आकड्याला दीडने गुणा. तक्त्याने ६ टक्के दिले तर ९ धरायचे. ब्रिटनमधला क्यूरिस्क थ्री हा तक्ता आरए आणि स्टिरॉइड दोन्ही विचारतो, तिथे परत गुणायचं नाही, नाहीतर दोनदा मोजलं जाईल. हे मोजमाप निदान पाच वर्षांतून एकदा करावं आणि आरएच्या औषधात मोठा बदल झाला तर परत करावं असंही युलार म्हणतं. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमधे आरए हा रिस्क वाढवणारा घटक म्हणून नाव घेऊन लिहिलाय. हे सगळं सांगायचं कारण की तुम्ही डॉक्टरांना “आरए धरून माझी रिस्क किती?” असं विचारलंत तर ते तुमचं गूगलचं खूळ नाही, रीतसर शिफारस आहे.

कोलेस्टेरॉलची एक गंमत आहे जी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते आरएवाल्यांनी सगळ्यात आधी ही शिकावी. आरए भडकलेला असतो तेव्हा कोलेस्टेरॉल आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उलटे कमी दिसतात. सूज कोलेस्टेरॉल खाली ओढते, पण त्याच वेळी हार्टची रिस्क वाढलेली असते. मग औषध लागू पडलं, सांधे शांत झाले की एलडीएल वर येतं आणि आपल्याला वाटतं औषधाने बिघडवलं. टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन आणि जॅक इनहिबिटर गोळ्या या आरएच्या औषधांनी तर ते आणखीच वर जातं, तरी टोसिलिझुमॅब आणि इटॅनरसेप्ट (टीएनएफ अडवणारं इंजेक्शन) यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा एलडीएल वाढूनही हार्टचे झटके ठळकपणे जास्त निघाले नाहीत. म्हणून लिपिड प्रोफाइल आरए शांत असताना करा, आणि रिपोर्टच्या मागे पेनाने त्या दिवशीचा सीआरपी (हीही रक्तातून सूज मोजायची टेस्ट) आणि चालू औषधं लिहून ठेवा. तो एक आकडा शेजारी नसेल तर लिपिडच्या रिपोर्टचा अर्थच लागत नाही. माझं भडकलेल्या दिवसांतलं एलडीएल बघून मला “छान आहे” म्हणून घरी पाठवलं होतं आणि मी वर्षभर त्या ‘छान’वर विसंबून राहिले.

तिसरं: कॅल्शियम स्कोअरची टेस्ट, करायची तर कशी

याला सीएसी स्कोअर म्हणतात किंवा अगॅटस्टन स्कोअर, आर्थर अगॅटस्टन यांनी १९९० मधे ही मोजायची पद्धत मांडली. साधा सीटी असतो, डाय टोचत नाहीत, सुई नाही. छातीला ईसीजीचे स्टिकर लावतात, टेबलावर हात डोक्याच्या वर घेऊन झोपवतात, काही सेकंद श्वास रोखायला सांगतात, झालं. रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतं, जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून अंदाज करा. प्रेग्नन्सी असेल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा.

आरएवाल्यांसाठी यातली खरी अडचण म्हणजे तो डोक्याच्या वर घ्यायचा हात. खांदे जखडलेले असतील तर टेक्निशियनला टेबलावर चढायच्या आधीच सांगा, उशी लावून, हात जरा वाकवून जमवता येतं. सकाळच्या जखडणीच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका, दुपारची मागा. मानेच्या वरच्या मणक्यात आरए असेल तर तेही सांगा, मान एकदम मागे ढकलून झोपवू नका म्हणावं. चहा कॉफी आणि सिगारेट आधी काही तास टाळायला सांगतात कारण ठोके वाढले की चित्र हलतं.

मग आकडा येतो. स्कॅनमधे १३० हाउन्सफील्डच्या (सीटीत दाटपणा मोजायचं एकक) वर जे दाट दिसतं ते कॅल्शियम धरून क्षेत्रफळ आणि दाटपणा मिळून हा स्कोअर काढतात. शून्य म्हणजे काही दिसलं नाही, १ ते ९९ थोडं, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि वर म्हणजे पुष्कळ. पण नुसता आकडा वाचू नका, वय आणि स्त्री की पुरुष यानुसार पर्सेंटाइल, म्हणजे तुमच्यासारख्या शंभरांत तुमचा कितवा नंबर, ते विचारा. पंचेचाळीशीच्या बाईला ४० आणि पंच्याहत्तरीच्या पुरुषाला ४० यांत जमीन अस्मानाचा फरक आहे.

शून्य आलं तर आनंद करा पण आरए असेल तर जरा हात राखून. हा स्कॅन फक्त कडक झालेलं प्लाक दाखवतो, मऊ प्लाक त्याला दिसतच नाही, आणि आरएमधे मऊ आणि मिश्र प्लाक जास्त सापडतं असं सीटी अँजिओच्या (डाय टोचून काढलेला हृदयाच्या नळ्यांचा सीटी) अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे “शून्य आहे म्हणजे स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) नको, बीपीची गोळी नको” असं परस्पर ठरवायचं नाही, सिगारेट किंवा डायबेटिस असेल तर नाहीच नाही.

ही टेस्ट सगळ्यांनी करायची गरज नसते. छातीत दुखतंय, दम लागतोय अशांना ही टेस्ट नाही, त्यांना थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांनाही काही उपयोग नाही, त्यांची ट्रीटमेंट ठरलेलीच असते. ही टेस्ट मधल्या लोकांसाठी, ज्यांचं स्टॅटिन द्यावं की नाही हे ठरत नाहीये त्यांच्यासाठी. जुन्या सीटीत कॅल्शियम दिसलेलं असेल तर त्याच फिल्मवरून अंदाजे किती आहे हे रेडिऑलॉजिस्ट सांगू शकतात, नवीन स्कॅनची गरजही पडणार नाही कदाचित, हे आधी विचारा.

औषधांची यादी घेऊन बसायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हिला वेळ द्या, दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमधे घाईघाईत नको.

एक, आरए शांत ठेवणं हाच मुख्य उपाय. रक्तवाहिनीत बसलेलं कॅल्शियम काढून टाकणारं औषध आज नाही, पण नवीन भर पडणं कमी करायचं असेल तर सूज कमी ठेवणं आपल्या हातात आहे. म्हणून मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक (आरएची इंजेक्शनं) घेऊन सांधे बरे वाटतायत म्हणून मधेच डोस गाळू नका. मी दोनदा गाळलेत, दुखत नव्हतं म्हणून, आणि दोन्ही वेळा सीआरपी गुपचूप वाढलेला निघाला. सांधा बोलतो, रक्तवाहिनी बोलत नाही.

दोन, स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनने बीपी वाढतं, साखर वाढते, वजन वाढतं, म्हणून कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस. डॉक्टरांना विचारा, “हा डोस खाली आणायचा आपला प्लॅन काय आहे?” प्लॅन तारखेसकट लिहून घ्या. पण एकदम बंद कधीच करायचं नाही, महिनोन महिने घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल लगेच बनवू शकत नाही आणि जीवावर बेतू शकतं.

तीन, पेनकिलर. डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब अशा गोळ्या आपल्यातले कित्येक जण शेंगदाण्यासारख्या खातात. रोफेकॉक्सिब नावाची गोळी २००४ मधे कंपनीने जगभरातून मागे घेतली ती हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले म्हणूनच. या वर्गातल्या बाकीच्या गोळ्यांतही कमीजास्त रिस्क आहेच, शिवाय बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. एका महिन्यात खरंच किती घेतल्या ते मोजा, कॅलेंडरवर टिक करा, अंदाजाने सांगू नका कारण आपला अंदाज नेहमी कमीच असतो. जास्त लागत असतील तर त्याचा अर्थ आरए कंट्रोलमधे नाही आणि मूळ औषध बदलायला पाहिजे, हे बोलणं डॉक्टरांशी करा. हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल आणि आयबुप्रोफेन पण घेत असाल तर दोन्हीच्या वेळा विचारून घ्या, आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं.

चार, जॅक इनहिबिटर. टोफासिटिनिबचा मोठा अभ्यास २०२२ मधे छापून आला, पन्नाशीच्या पुढचे आणि हार्टचा किमान एक रिस्क फॅक्टर असलेले आरए पेशंट घेतले होते, त्यात टीएनएफच्या इंजेक्शनपेक्षा या गोळीवर हार्टचे प्रसंग आणि कॅन्सर दोन्ही जास्त दिसले. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने त्याआधी २०२१ मधेच टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब तिन्हींवर कडक इशारा टाकला होता. तुम्ही यातली गोळी घेत असाल आणि रिपोर्टमधे कॅल्शियम सापडलं असेल तर हे दोन कागद एकाच टेबलावर यायलाच हवेत, गोळी कुणासाठी योग्य आहे हे डॉक्टर ठरवतील पण त्यांना कॅल्शियमबद्दल माहीतच नसेल तर कसं ठरवणार?

पाच, स्टॅटिन. इथे एक गोष्ट आधी माहीत असू द्या म्हणजे नंतर घाबरणार नाही. स्टॅटिन घेऊन कॅल्शियम स्कोअर कमी होत नाही, उलट थोडा वाढू शकतो, कारण मऊ, फुटण्याच्या बेतात असलेलं प्लाक घट्ट होतं, आणि घट्ट प्लाक सहसा फुटत नाही. म्हणून स्टॅटिन चालू असताना दरवर्षी स्कोअर काढून “वाढला हो” म्हणून गोळी सोडू नका, तिचा परिणाम बघायला एलडीएल मोजतात. अंग दुखलं तर आरएचं की स्टॅटिनचं हा प्रश्न आपल्याला पडतोच. ढोबळ खूण अशी की स्टॅटिनचं दुखणं मांड्या, दंड, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत दोन्ही बाजूंना असतं, सांध्यात सूज नसते. सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा आणि शंका आली तर सीके नावाची रक्ताची टेस्ट होते.

सहा, वॉरफरिन (रक्ताच्या गाठी होऊ न देणारी गोळी) कुणाला चालू असेल तर. कॅल्शियमला रक्तवाहिनीत बसू न देणारं एक प्रथिन शरीरात असतं, त्याला व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉरफरिन व्हिटॅमिन केच अडवतं. यावरून स्वतः गोळी बंद करायची नाही, रक्ताची गाठ होऊन स्ट्रोक येऊ शकतो. दुसरा पर्याय चालेल का एवढंच विचारा, काही जणांना, विशेषतः मेटलचा व्हॉल्व्ह असेल त्यांना, वॉरफरिनच लागतं.

मग कॅल्शियमच्या गोळ्यांचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. रिपोर्टमधे कॅल्शियम शब्द दिसला की लोक आधी दूध बंद करतात आणि हाडांच्या गोळ्या फेकतात. असं करू नका. अन्नातून येणाऱ्या कॅल्शियमने रक्तवाहिन्या कडक होतात असं दिसलेलं नाही, अमेरिकेत हजारो लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या मेसा अभ्यासात तर अन्नातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत नवीन कॅल्सिफिकेशन कमीच दिसलं, आणि गोळ्या घेणाऱ्यांत मात्र काहीसं जास्त. त्यावरून गोळ्यांमुळेच झालं असं सिद्ध होत नाही, पण गरज नसताना वरून डोस घ्यायचा नाही इतकं मी त्यातून घेतलं. स्टिरॉइड चालू असेल तर हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात त्याला कारण आहे. अन्नातून किती जातंय ते मोजा, उरलेलंच गोळीने घ्या, आणि व्हिटॅमिन डीची रक्तातली पातळी बघून डोस ठरवून घ्या, आठवड्याची मोठ्या डोसची गोळी महिनोन महिने स्वतःच चालू ठेवू नका.

व्हिटॅमिन के टू ने कॅल्शियम हाडात परत जातं अशा जाहिराती खूप फिरतात. कल्पना ऐकायला पटते, पण महाधमनीच्या झडपेवरच्या कॅल्शियमसाठी ते दोन वर्षं देऊन बघितलं होतं, फरक पडला नाही. कीलेशन, म्हणजे सलाइनमधून औषध देऊन कॅल्शियम धुऊन काढतो म्हणतात ते, त्यापासून तर लांबच राहा, अटॅक येऊन गेलेल्या डायबेटिसवाल्यांवर केलेली मोठी ट्रायल २०२४ मधे आली, त्यातही फायदा दिसला नाही.

घरी करायची कामं

बीपी घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा, जिथे जास्त येतं तो हात पुढे कायम. मनगटावरचं मशीन सोपं वाटतं आपल्याला, बोटं चालत नसतात ना, पण दंडाचं जास्त भरवशाचं. कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दुसऱ्याकडून बांधून घ्या किंवा आधीच गोल करून ठेवा आणि बाहीसारखा हात आत सरकवा, मी असंच करते. वरचा आकडा जास्त आणि खालचा कमी असं अंतर वाढत चाललं, समजा १६० वर ६५, तर ती नळ्या कडक झाल्याची खूण असू शकते, नोंद दाखवा.

सिगारेट तंबाखू बंद. यात आरएही बिघडतो, नळ्याही बिघडतात आणि आरएची औषधं पण नीट लागू पडत नाहीत. कमी करतो वगैरे नको, बंद, आणि सोडायला मदत लागली तर औषधं मिळतात, डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं म्हणतात, दहा दहा मिनिटांचे तुकडे करून चालतं. पाऊल सुजलं असेल त्या दिवशी खुर्चीतले व्यायाम, पोहणं जमत असेल तर उत्तम.

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या किडनीच्या टेस्ट बघत राहा. किडनी मागे पडली की रक्तात फॉस्फेट वाढतं आणि फॉस्फेट हे रक्तवाहिनीतल्या कॅल्शियमचं खतपाणी. किडनीचा त्रास असलेल्यांनी पॅकेटवरच्या घटकांत फॉस्फेट लिहिलंय का बघायची सवय लावावी.

पायाचं दुखणं ओळखायला शिका

यावर जरा थांबते कारण इथे आपण हमखास फसतो. पाय दुखला की आपण आरएच्या खात्यात टाकतो आणि विषय संपला. पण आरएचं दुखणं सकाळी जास्त असतं आणि हालचाल केली की मोकळं होतं. रक्तपुरवठा कमी पडल्याचं दुखणं बरोबर उलटं. बसल्या जागी काही नाही, चालायला लागलं की ठराविक अंतरावर पोटरी आवळते, उभं राहिलं की दोनचार मिनिटांत जाते, परत तेवढंच चाललं की परत येते. आठ दिवस लिहून काढा, कितव्या मिनिटाला दुखलं, कुठे दुखलं, थांबल्यावर किती वेळात गेलं. पावलं गार पडतात का, पायावरची जखम भरत नाही का, तेही.

मग एबीआय टेस्ट मागा, घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. ०.९ च्या खाली म्हणजे नळी अरुंद झालीय. पण १.४ च्या वर आलं तर “वा, भरपूर रक्त जातंय” असं समजू नका, नळी इतकी कडक झालीय की कफने दाबलीच जात नाही असा त्याचा अर्थ होतो, मग पायाच्या अंगठ्यावरचं प्रेशर मोजून बघावं लागतं. घोटा सुजलेला असेल तर कफ आवळताना जाम दुखतं, आधीच सांगून ठेवा.

एक कागद, दोन डॉक्टर

माझ्यासारखी ओळ कुणाची पडून राहू नये म्हणून मी आता एकच पान ठेवते. आरए कधीपासून, आत्ताची औषधं डोससकट, स्टिरॉइड किती महिने, पेनकिलर महिन्याला किती, शेवटचा सीआरपी आणि त्याच दिवसाचं लिपिड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, घरचं बीपी, आणि कॅल्शियमबद्दलची ओळ जशीच्या तशी, तारखेसकट. दोन्ही डॉक्टरांना तेच पान. आणि दोघांनाही सरळ विचारते, “माझ्या हार्टच्या रिस्ककडे तुमच्या दोघांपैकी कोण बघणार?” पहिल्यांदा विचारताना अवघड वाटतं. एकाने “मी बघतो” म्हटलं की पानावर त्यांचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून टाकायची.

कधी थांबायचं नाही

आरएमधे अटॅकची लक्षणं हुलकावणी देतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधे बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात आरएवाल्यांमधे छातीत दुखल्याची तक्रार कमी पण लक्षातच न आलेले अटॅक जास्त सापडले. पेनकिलर चालू असतात, दुखण्याची सवय झालेली असते, आणि डावा खांदा तर आपला कायमच दुखतो. म्हणून हा फरक लक्षात ठेवा: खांदा हलवल्यावर किंवा दाबल्यावर दुखतो तो बहुधा सांध्याचा, पण हात न हलवता, जिना चढताना किंवा काही न करता दंडात, जबड्यात, पाठीत दडपण येतंय, सोबत घाम, मळमळ, दम किंवा कधी नव्हे असा थकवा आहे, तर तो सांधा समजून पेनकिलर घेऊन पडून राहू नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, हेही तसंच. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, अँब्युलन्स बोलवा, आणि तिथे पोचल्यावर ईसीजी काढायच्या आधीच सांगा की मला आरए आहे, नळ्यांत कॅल्शियम सापडलेलं आहे, स्टिरॉइड अमुक डोस चालू आहे आणि तो चुकवायचा नाही. ते एक पान पर्समधे असेल तर तेवढं बोलायचीही गरज नाही, सोबत असेल त्याने ते पुढे करायचं.